संगणकाचे विद्यार्थी प्रकल्प : विषय शोधावा कोठे?

आजचे युग हे संगणकाचे युग आहे, हे वाक्य स्मरणिकांच्या पानांवर आपण इतकी वर्षे वाचत आलो आहोत की, ते पुन्हा लिहिण्याचे प्रयोजन आता उरलेले नाही. संगणक घरात आला आणि मोबाईलच्या रूपाने खिशातही आला. आपल्या विभागातील अनेक मुले-मुली आज संगणकशास्त्र, माहिती तंत्रज्ञान, संगणक अभियांत्रिकी अशा अभ्यासक्रमांना आहेत आणि त्यांतील कित्येकांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी ही पहिलीच पिढी आहे. या सर्वांना अभ्यासक्रमाच्या अखेरीस एक प्रकल्प करावा लागतो. हा प्रकल्प म्हणजे नेमके काय, त्याचा विषय कोठून आणावा आणि त्याला संशोधन केव्हा म्हणावे, याविषयी विद्यार्थी व पालक या दोघांसाठीही चार गोष्टी येथे मांडावयाच्या आहेत.

पालकांना बहुधा एवढेच ठाऊक असते की, शेवटच्या वर्षी 'प्रोजेक्ट'साठी काही हजार रुपये लागतात. वस्तुतः संगणकाच्या प्रकल्पाला खर्च फार थोडा येतो. प्रोग्राम लिहिण्याच्या भाषा, माहितीसाठा ठेवण्याच्या प्रणाली, मोबाईलचे ॲप तयार करण्याची साधने ही बहुतेक सर्व आज विनामूल्य मिळतात. पैसे जातात ते तयार प्रकल्पाला. शहरात, आणि आता इंटरनेटवरही, तयार प्रकल्प विकणारे आहेत. ग्रंथालय व्यवस्थापन, रुग्णालय व्यवस्थापन, चेहऱ्यावरून हजेरी असे ठराविक विषय. सोबत बांधलेला अहवाल आणि तोंडी परीक्षेची प्रश्नोत्तरेही. वर्षामागून वर्षे प्रकल्प तोच राहतो, पहिल्या पानावरील नावे तेवढी बदलतात.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला चार वाक्ये सांगितली की प्रोग्राम काही मिनिटांत लिहून मिळतो. मग स्वतः काही करण्याची गरजच काय, असे कोणाला वाटेल. मला उलट वाटते. प्रोग्राम लिहिणे इतके सोपे झाल्यामुळे विद्यार्थ्याने करावयाचे खरे काम आता उघडे पडले आहे. प्रश्न शोधणे, माहिती गोळा करणे, आराखडा ठरविणे आणि झालेले काम माणसांच्या हाती देऊन तपासणे, हे ते काम. नोकरीच्या मुलाखतीतही हेच विचारतात. हा विषय का घेतला? दुसऱ्या कोणत्या रीतीने करता आला असता? तो कोठे अडतो? विकत आणलेल्या प्रकल्पात या तीन प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत. आणि ज्याच्या पाठीशी ओळखीचे कोणी नाही अशा मुलाला मुलाखतीतील ती पंधरा मिनिटे हीच काय ती संधी असते.

तेव्हा विषय शोधावा कोठे? रे रोड स्थानकाच्या पुलावर उभे राहून चोहीकडे पाहावे, असे माझे उत्तर आहे. उदाहरणासाठी स्थानकच घेऊ.

स्थानकाचे नाव आणि स्थानकाची ओळख

कुर्ला ते रे रोड हा लोहमार्ग १९१० साली सुरू झाला. पुढे १९२५ साली व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी विजेवर चालणारी गाडी हार्बर मार्गावर धावू लागली. स्थानकाला १८८५ ते १८९० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांचे नाव मिळाले. आज गाडी मस्जिद, सँडहर्स्ट रोड, डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी अशी वडाळ्याला पोहोचते आणि तेथून मार्गाला दोन फाटे फुटतात, एक गोरेगावकडे, दुसरा पनवेलकडे.

समजा, एखाद्या विद्यार्थ्याने या मार्गाची माहिती देणारे ॲप करावयाचे ठरविले. त्याला प्रथम सुचतो तो आराखडा असा : एक तक्ता, त्यात स्थानकाचे नाव आणि पुढे गाडीची वेळ. काम चालू होते. परंतु नावांचे काय होते पाहा. व्हिक्टोरिया टर्मिनसचे १९९६ साली छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले आणि २०१७ साली त्यात 'महाराज' हा शब्द आला. एल्फिन्स्टन रोडचे २०१८ साली प्रभादेवी झाले. २०२४ साली राज्याच्या विधिमंडळाने आणखी काही स्थानकांची नावे बदलण्याचा ठराव संमत केला, त्यात डॉकयार्ड रोडसाठी माझगाव आणि कॉटन ग्रीनसाठी काळाचौकी ही नावे आहेत. म्हणजे आपल्या अलीकडचे आणि पलीकडचे अशी दोन्ही स्थानके आली. आणि घरातील वडीलधारी मंडळी आजही 'व्ही.टी.'च म्हणतात, काहींच्या तोंडी तर बोरीबंदर आहे.

ज्याने नावालाच ओळख मानले, त्याला प्रत्येक नामांतराबरोबर वेळापत्रकाच्या साऱ्या नोंदी दुरुस्त कराव्या लागतील, आणि एवढे करूनही 'बोरीबंदर' शोधणाऱ्या आजोबांना काही सापडणार नाही. याउलट प्रत्येक स्थानकाला कधीही न बदलणारा एक क्रमांक द्यावा, वेळापत्रक त्या क्रमांकाला बांधावे आणि नावांचा तक्ता निराळा ठेवावा. मग एका क्रमांकापुढे जुने, नवे, मराठी, इंग्रजी, बोलण्यातले अशी कितीही नावे, ती कोणत्या सालापासून आहेत यासह, लिहिता येतात. सॉफ्टवेअरचा आराखडा म्हणतात तो हा. पडद्यावरील रंग आणि बटणे हा त्याचा सर्वांत शेवटचा भाग होय, आणि आपली मुले नेमकी तेथून सुरुवात करतात.

वेळापत्रकाचे काम अर्थात झालेले आहे. सचिन टेके यांनी २०१० साली तयार केलेले 'एम-इंडिकेटर' मुंबईच्या प्रवाशांना ठाऊक आहे. त्या वेळी मोबाईलवरील इंटरनेट मंद आणि खर्चिक होते. लोकलचे वेळापत्रक फोनमध्येच साठवून ठेवल्यामुळे फलाटावर नेट नसतानाही गाडीची वेळ समजत असे. जावा चालणाऱ्या साध्या फोनवरही ते चालत असे. वापरणाऱ्याच्या हातात कोणता फोन आहे आणि तो कोठे उभा आहे, हे आधी पाहून मग आराखडा केल्याचे हे चांगले उदाहरण म्हणावे लागेल.

म्हणून तेच ॲप पुन्हा करण्यात अर्थ नाही. जे वेळापत्रकात नाही ते शोधावे. परळला के.ई.एम., टाटा, वाडिया ही रुग्णालये आहेत, पण परळ स्थानक हार्बर मार्गावर नाही. पनवेल-मानखुर्दकडून येणाऱ्या रुग्णाने कोठे उतरावे? कुर्ल्याला गाडी बदलावी, की शिवडीला उतरून बसने जावे? पुलाच्या पायऱ्या किती? सकाळी आठ वाजता किती मिनिटे लागतात आणि दुपारी किती? म्हाताऱ्या माणसाला किती? ही माहिती घड्याळ आणि वही घेऊन आठ-दहा दिवस फिरल्याशिवाय हाती येत नाही. ती गोळा केली आणि तिच्या आधारे 'सर्वांत जवळचा मार्ग हाच रुग्णाला सोयीचा असतो काय?' असा प्रश्न विचारला, म्हणजे प्रकल्पाला संशोधनाचे रूप येते.

कागदोपत्री माणसाचे नाव

स्थानकाच्या नावाची जी गोष्ट तीच माणसाच्या नावाची, आणि येथे नुकसान अधिक होते. शाळेच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, जातीच्या दाखल्यावर दुसरे, आधार कार्डावर तिसरे आणि बँकेच्या पासबुकावर चौथे, हा अनुभव आपल्यापैकी अनेक घरांत आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज एका अक्षरासाठी अडतो आणि मुलाचे वर्ष धावपळीत जाते. संगणकाला 'ही दोन नावे एकाच माणसाची असू शकतात' हे कसे समजावे, हा एक जुना आणि अजूनही पूर्ण न सुटलेला प्रश्न आहे.

त्यावरील एक उपाय अमेरिकेत १९१८ साली पेटंट झाला, त्याला 'साउंडेक्स' म्हणतात. नावाचे पहिले रोमन अक्षर जसेच्या तसे ठेवावयाचे, स्वर गाळावयाचे आणि उरलेल्या व्यंजनांना उच्चारसाम्यानुसार १ ते ६ असे आकडे द्यावयाचे. कांबळे हे नाव मध्ये 'ए' घालून लिहिले काय किंवा न घालता लिहिले काय, दोन्हींचा संकेत 'के ५१४' असाच येतो. इथपर्यंत ठीक. पण वाघमारे हे नाव कोणी 'डब्ल्यू'ने लिहितो, कोणी 'व्ही'ने. पहिले अक्षरच बदलले की साउंडेक्सच्या लेखी ही दोन निराळी माणसे ठरतात. इंग्रजी नावांसाठी केलेला नियम आपल्या आडनावांपाशी मोडतो. तो नेमका कोठे कोठे मोडतो, याची शंभर-दोनशे आडनावे घेऊन यादी करणे आणि मराठी उच्चारांना धरून नवा नियम सुचविणे, हा एका वर्षात होण्याजोगा, बिनखर्चाचा आणि खरोखर उपयोगी प्रकल्प आहे.

रोमन सोडून देवनागरीत आलो म्हणून प्रश्न संपत नाही. युनिकोड या जागतिक पद्धतीत प्रत्येक अक्षरचिन्हाला क्रमांक असतो. देवनागरीसाठी २३०४ ते २४३१ असे १२८ क्रमांक राखलेले आहेत. आता आपल्या यादीतील 'ॲड.' ही वकिलांची उपाधी घ्या. तिचा पहिला स्वर एकाच क्रमांकाचा (२४१८) असू शकतो. हे चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली आले. तो 'अ' (२३०९) आणि त्यावर चंद्र (२३७३) असा दोन क्रमांकांचाही असू शकतो. कोणी २३१७ क्रमांकाचे 'ऍ' वापरतो. डोळ्याला पहिले दोन सारखेच दिसतात, तिसरे किंचित निराळे. संगणकाला मात्र ती तीन वेगवेगळी अक्षरे आहेत. एका रीतीने टाईप केलेले नाव दुसऱ्या रीतीने शोधले तर 'नोंद सापडली नाही' असे उत्तर येते. 'कऱ्हाड', 'गोऱ्हे' यांतील रफारासारख्या 'र'चेही असेच आहे, तोही दोन रीतींनी लिहिला जातो. कोणत्याही मंडळाची सभासद-नोंदवही संगणकावर घ्यावयास बसा, पहिल्या दिवशी ही अडचण समोर उभी राहील.

जुन्या स्मरणिकांविषयीही येथेच सांगतो. १९९० च्या दशकातील बहुतेक मराठी डी.टी.पी. श्री-लिपीसारख्या प्रणालींवर झाले. त्या काळच्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसविलेले असत, म्हणून तो फाँट नसलेल्या संगणकावर फाईल उघडली तर निरर्थक इंग्रजी अक्षरांचा पसारा दिसतो. अशा फाईली युनिकोडमध्ये आणून त्यांतील नावांची सूची करणे, हाही एक विषय. त्यात प्रोग्रामपेक्षा मुद्रितशोधन अधिक करावे लागेल, हे आधीच समजून घ्यावे.

नावांवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याने एक पथ्य कटाक्षाने पाळावयाचे आहे. नावे-आडनावे, पत्ते, दाखले ही माणसांची मालमत्ता आहे. आपल्याकडे आडनावावरून पुष्कळ काही ओळखले जाते, हे वेगळे सांगावयास नको. म्हणून यादी वापरण्यापूर्वी लेखी संमती घ्यावी, अहवालात खऱ्या व्यक्तीचे पूर्ण नाव छापू नये, केवळ सुटी आडनावे वापरावीत आणि यादी कोणत्याही संकेतस्थळावर चढवू नये. संसदेने २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आहे, तो विद्यार्थ्यांनी एकदा वाचून ठेवावा.

मराठी टाईप करावयाचे कसे?

या सर्व नावांची नोंद मोबाईलवर मराठीत करावयाची तर आधी मराठी टाईप करता आले पाहिजे. यावर आपल्या मुंबईतच झालेले काम सांगण्यासारखे आहे. पवईच्या आय.आय.टी.मध्ये १९६९ पासून औद्योगिक अभिकल्प केंद्र आहे, त्याला आय.डी.सी. म्हणतात. तेथील प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'कीलेख' नावाचा कळफलक तयार केला. त्यावरील निबंध २००४ साली प्रसिद्ध झाला. इंग्रजी टंकलेखन यंत्राची अक्षरे उलटसुलट मांडलेली असतात. ज्याने कधी टंकलेखन शिकलेले नाही, त्याला मराठीचे अक्षर कोठे सापडेल? शाळेत पाठ केलेल्या वर्णमालेच्या क्रमाने मांडले तर लवकर सापडेल, अशी त्यामागील कल्पना.

पुढे स्पर्शाचे फोन आले आणि याच मंडळींकडून २०१३ साली 'स्वरचक्र' हा अँड्रॉइड फोनवरील कळफलक आला. त्यात 'क' वर बोट ठेवले की भोवती एक चक्र उघडते आणि त्यात का, कि, की, कु अशी बाराखडी दिसते. हव्या त्या दिशेला बोट सरकवून उचलले की अक्षर उमटते. जोडाक्षरासाठी हलन्त निवडला की पुढील कळांवर ती जोडाक्षरेच तयार दिसू लागतात, त्यामुळे 'क्ष' किंवा 'त्र' कसा होतो हे पाठ ठेवावे लागत नाही.

मला येथे महत्त्वाची वाटते ती कामाची पद्धत. कळफलक बनविला आणि 'सोपा आहे' असे जाहीर केले, इतक्यावर हे काम थांबले नाही. माणसांच्या हाती फोन देऊन, ठराविक मजकूर टाईप करावयास सांगून, वेग आणि चुका मोजल्या गेल्या, इतर कळफलकांशी तुलना झाली. विद्यार्थ्यालाही हे करता येते. वस्तीतील दहा गृहिणी, दहा शाळकरी मुले आणि दहा ज्येष्ठ नागरिक घ्या. प्रत्येकाला तीच पाच वाक्ये द्या. एकदा बोलून, एकदा कळफलकाने लिहावयास सांगा आणि वेळ व चुका नोंदवा. आज मोबाईलला बोलून मजकूर सांगता येतो. पण चाळीच्या गॅलरीतील गलक्यात तो किती बरोबर उतरतो, आणि घाटावरच्या वा कोकणातल्या बोलीत बोलले तर काय होते, हे मोजून पाहिल्याशिवाय कसे सांगणार?

जाता जाता साध्या संदेशाचा हिशेबही पाहा. एका एस.एम.एस.मध्ये १४० बाइट, म्हणजे ११२० बिट मावतात. इंग्रजीचे एक अक्षर ७ बिटांत बसते, म्हणून १६० अक्षरे. मराठीच्या प्रत्येक चिन्हाला १६ बिट लागतात, म्हणून ७०. शिवाय काना, मात्रा, वेलांटी ही प्रत्येकी स्वतंत्र मोजली जातात. 'रविवारी सकाळी ११ वाजता सभा' हे आपल्या नजरेने मोकळ्या जागा धरून १८ अक्षरांचे वाक्य, फोनच्या हिशेबाने २६ चिन्हांचे होते. संदेश ७० च्या पुढे गेला की त्याचे तुकडे पडतात आणि तुकड्यांच्या जोडणीसाठी जागा गेल्यामुळे प्रत्येकात ६७ च चिन्हे उरतात. १५० चिन्हांची मराठी सूचना तीन संदेशांइतकी आकारली जाते, तेवढ्याच लांबीची इंग्रजी एकाच संदेशात जाते. मंडळांनी व्हॉट्सॲप धरले, त्यामागे हेही एक कारण असावे.

वर्षाचे नियोजन

चांगल्या प्रकल्पाचा अहवाल दुसऱ्याला पुढे काम करता येईल असा असतो. आय.आय.टी.च्याच विद्यार्थ्यांनी २००७ साली 'प्रथम' हा लहान उपग्रह करावयास घेतला. तो २६ सप्टेंबर २०१६ रोजी श्रीहरिकोटाहून पी.एस.एल.व्ही.ने अवकाशात गेला. नऊ वर्षांत विद्यार्थ्यांच्या किती तुकड्या आल्या आणि पदवी घेऊन गेल्या असतील! प्रत्येक तुकडीने केलेले लिहून ठेवले नसते, तर पुढच्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली असती. आपल्या अहवालातही काय जमले याबरोबर काय जमले नाही, कोणती माहिती अपुरी राहिली, हे स्वच्छ लिहावे. परीक्षक त्याचे गुण कापतात अशी मुलांची समजूत असते; सहसा तसे होत नाही.

काम बरे झाले असेल तर ते महाविद्यालयाच्या कपाटात बंद करू नये. राज्यातील विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांसाठी राज्यपाल कार्यालयाच्या पुढाकाराने २००६ पासून 'आविष्कार' हे संशोधन संमेलन भरते. त्यात पदवीच्या विद्यार्थ्यांनाही भाग घेता येतो आणि अभियांत्रिकी व तंत्रज्ञान हा स्वतंत्र गट असतो. २०१७ पासून केंद्र शासनाची 'स्मार्ट इंडिया हॅकेथॉन' होते, तिच्यात शासकीय खाती स्वतःचे प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवतात. दोन्हींसाठी महाविद्यालयामार्फत नाव द्यावे लागते, म्हणून आपल्या विभागात कोण प्राध्यापक हे काम पाहतात, याची चौकशी वर्षाच्या आरंभीच करावी.

विषय मे-जूनमध्येच ठरवावा. कॉलेज सुरू झाल्यावर गटातील तिघे-चौघे तीन-चार दिशांना ओढतात. पावसाळ्यात त्या विषयावर आधी काय झाले आहे ते वाचावे. गणपती ते दिवाळी या काळात माहिती गोळा करावी. लोक घरी भेटतात आणि बोलतातही. नाताळपर्यंत ओबडधोबड का होईना, पण चालणारा नमुना तयार असावा. जानेवारीत तो निदान वीस माणसांच्या हाती देऊन चाचणी घ्यावी, म्हणजे दुरुस्ती आणि अहवाल यांसाठी फेब्रुवारी मोकळा राहतो. अहवालाची एक जादा प्रत काढून ती जवळच्या वाचनालयात द्यावी; पुढील वर्षी विषय शोधणाऱ्या मुलाला ती पाहावयास मिळेल.